नांगराचा दांडा माझ्या पेटीत आहे

३ ऑक्टोबर

मी पत्र तुला लिहिलं होतं, जावयाला नव्हे. उत्तर आलं ते जावयाच्या अक्षरात. गोल गोल, दुकानाच्या पाटीसारखं. 'ही बरी आहे, कामात आहे, आपण प्रकृतीला जपावे.' एवढं लिहायला तुला नवरा लागतो? फोन केला तरी तोच उचलतो. ती झोपलीय, ती बाहेर गेलीय, ती आंघोळीला गेलीय. इतकी आंघोळ करणारी तू कधी झालीस? लहानपणी तर नळाखाली ओढून न्यावी लागायची. शाळेतली नोकरी सोडलीस, कारण काय तर पोरांचा गोंगाट सोसत नाही. स्कूटर विकलीस, आता म्हणे नवरा सोडायला येतो. आणि आता लिहायचंही त्याच्याच गळ्यात. बरं आहे तुझं.

असो. आशीर्वाद. राग असला तरी ठेवून घे, सांभाळायला जागा लागत नाही.

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. आमची बोट सध्या एका बंदरात नांगरावर उभी आहे, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. धक्क्याला बांधलेली असती तर मी आपली आपण उतरून भाजी आणली असती. नांगरावर असली की होडक्यात बसून जावं लागतं, आणि होडक्याला वल्हवणारा लागतो. म्हणजे मी कुठे जाते, कुणाशी बोलते, कधी परत येते, सगळं तुझ्या भावाच्या नि सूनबाईच्या हातात. पहिल्यांदा मला हे सुचलं नव्हतं. आता रोज सुचतं.

बोटीत खोली म्हणावी अशी एकच. टेबल दुमडलं की पलंग, पलंग उचलला की पेटी. माझी झोपायची जागा पुढच्या टोकाला, पायाकडे निमुळती होत गेलेली. मी तिला शवपेटी म्हणते, सूनबाईला ते आवडत नाही. शीड उभारलेलं असलं की बोट एका कुशीवर चालते, तेव्हा मीही त्याच कुशीवर. गंमत वाटते तुला? मला नाही वाटत.

आता मुद्द्याचं. इथे काहीतरी शिजतंय आणि मला त्याचा वासही लागू देत नाहीत. तुझी भाची, जिला मी खारूताई म्हणते कारण ती डोलकाठीवर तशीच सरसर चढते, ती परवा माझ्या पायाशी बसून विचारते, "आजी, जमीन दिसली नाही तर तुला भीती वाटेल?"

"किती वेळ नाही दिसली तर?"

"पुष्कळ दिवस."

तेवढ्यात सूनबाईने वरून हाक मारली, "खारू, वर ये, दोर गुंडाळायचाय." दोर आधीच गुंडाळलेला होता. मी पाहिला होता.

तर हा बेत आहे. आतापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलो, संध्याकाळी कुठे ना कुठे नांगर पडायचा. आता हवा फिरली की थेट पलीकडे जायचं, मधे काही नाही, नुसतं पाणी. मोठी माणसं आहेत, जाऊ देत. माझंही काही अडलेलं नाही, मी कुठेही मरेन. पण पोर बरोबर आहे. पोरीला घेऊन जायचं तर बोट खरी कुणाच्या हातात आहे हे मला कळायला हवं. आणि हल्ली तेच कळत नाही.

उत्तर दे. या वेळी जावयाला त्रास देऊ नकोस.

तुझी आई

१० ऑक्टोबर

चमचा चुकीच्या खाचेत ठेवला म्हणून कुणी सासूवर आवाज चढवतं का? मला सांग. इथे चढवतात.

या बोटीवर प्रत्येक गोष्टीला एक खुंटी, एक खाच, एक खण. चाकू इथे, काड्यापेटी तिथे, बादली मागच्या खुंटीला, होडक्याची वल्ही उजवीकडे, दोन्हींची पाती पुढे. नांगर वर घ्यायला पुढच्या टोकाला एक हातचरखी आहे, तिच्यात लोखंडी दांडा घालून मागेपुढे करायचं की साखळी वर येते. तो दांडासुद्धा जिन्याच्या डाव्या खोबणीत, मूठ वर करून. मूठ खाली असली तर सूनबाई ती फिरवून ठेवते. मी चमचा काट्यांच्या खाचेत ठेवला. ती म्हणाली, "आई, इथे वस्तू जागच्या जागीच लागतात. किती वेळा सांगू?"

मी म्हटलं, "चमचा आहे, तोफ नाही."

तर ती हसली नाही, आणि तुझा भाऊही हसला नाही. पूर्वी तो माझ्या बाजूने हसायचा.

सूनबाईचं माहेर मासेमारीच्या होड्यांचं, हे तुला माहीत आहे. तुझा भाऊ बस चालवणारा, त्याला पाण्यातलं काय कळत होतं? चांगली चालत असलेली नोकरी एका सकाळी सोडून घरी आला आणि म्हणाला, रस्त्यांचा कंटाळा आला. मी तेव्हाच म्हटलं, हे शब्द याचे नाहीत. आता तर उघडच दिसतं. उजेड आहे तोवर सुकाणू त्याच्याकडे, ते पण खारू पुढे उभी राहून ओरडत असते, "बाबा, डावीकडे होडी. बाबा, उजवीकडे जाळं." म्हणे तिला शिकवतोय. दिवस कलला की तो खाली आणि सूनबाई वर. तो दिव्याखाली नकाशा उघडून बसतो, ती बाहेरून हुकूम सोडते. नवरा आत आणि बायको बाहेर, मला त्याचं काही नाही, पण मग त्याला कप्तान का म्हणायचं?

आणि माझ्याशी तर त्याने काय मांडलंय ते कळत नाही. चहाचा कप घेऊन मी शेजारी उभी राहते, तो घेत नाही. बघतसुद्धा नाही. मी उभीच. शेवटी कप खाली आपटते. तेच बायको समोर जाऊन "चहा" म्हणते की लगेच दोन्ही हात पुढे. मला वाटतं मला इथेच कुठेतरी उतरवायचं ठरलंय. दोघं कुजबुजतात, मी आले की गप्प. या गावात म्हाताऱ्यांना ठेवायचं घर आहे का म्हणून मी सरळ धक्क्यावरच्या दोरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आहे, टेकडीवर. मी जाऊन बघितलं नाही, पण कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवलंय.

त्या दोरवाल्याचंच ऐक. दुकान म्हणजे बोळ, दोन्ही भिंतींना छतापर्यंत दोरांची भेंडोळी, मधे एक माणूस जेमतेम जाईल. तुझा भाऊ एकटाच पुढे होता, मी मागे. दोरवाल्याने गल्ल्याच्या कडेला उभं राहून हात पुढे केला, हात मिळवायला. तुझा भाऊ समोरच्या भेंडोळ्यावरची चिठ्ठी वाचत राहिला, बारीक अक्षरातली, मला चष्म्यानेही लागली नसती. दोरवाल्याचा हात तसाच लोंबकळत. शेवटी त्याने तो हात स्वतःच्या पँटला पुसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही घमेंड तुमच्या बाबांची. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलायचे, पण दुकानाच्या पायरीशी उभ्या माणसाचा नमस्कार घ्यायचे नाहीत. गल्लीत नावच पडलं होतं. आणि दिवेलागणीच्या आत दुकान बंद करून घरी. लोक म्हणायचे, बायकोला घाबरतो. मला बरं वाटायचं, म्हणून मी कधी खोडून काढलं नाही.

तू तरी काय वेगळी आहेस? आम्ही निघालो त्या संध्याकाळी धक्क्यावर मी बाबांच्या हत्यारांची डबी तुझ्यापुढे धरली. चिमटे, भिंग, सगळं पुसून ठेवलेलं. तू माझ्या शेजारून सरळ निघून गेलीस. मान वळवली नाहीस. मी लेकीकडे राहते न म्हणता तुझ्या भावाबरोबर निघाले म्हणून तुझा राग, ठीक आहे. पण डबी बाबांची होती. ती अजून माझ्या पेटीत आहे आणि तशीच राहील.

तुझी आई

१९ ऑक्टोबर

तुझा भाऊ पितो. असं मी काल संध्याकाळी ठरवलं होतं. आज मला तसं वाटत नाही, आणि जे वाटतंय त्यापेक्षा तो पीत असता तर बरं झालं असतं.

झालं ते असं. मी कपडे पिळले आणि बादली खुंटीला लावली नाही. वरच्या चिंचोळ्या वाटेत ठेवली, कठड्याच्या तारेला टेकवून. विसरले असं मी त्यांना सांगितलं. तुला खरं सांगते, विसरले नव्हते. सूनबाई बादलीवरून काय बोलते ते बघायचं होतं.

सूर्य नुकता गेला होता. अंधार नव्हता, समोरच्या धक्क्यावरची माणसं मला दिसत होती, आणि माझे डोळे कसे आहेत ते तुला माहीत आहे. बादली पिवळी आहे, ढळढळीत पिवळी. तुझा भाऊ पुढून मागे आला, ताठ चालत, आणि सरळ बादलीत पाय. तारेवरून पलीकडे गेला. अर्धा बाहेर, एक हात तारेत अडकलेला, पाय पाण्याच्या वर. सूनबाई कुठून आली मला दिसलंच नाही. तिने त्याचा पट्टा धरला आणि मासा ओढावा तसा आत ओढला. खारू किंचाळली नाही. तेच मला खटकलं. पोर धावत आली, तिने बादली उचलली, खुंटीला लावली आणि मग बापाकडे गेली. हे तिला कुणीतरी शिकवलेलं आहे.

मी पुढे होऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"आई, काय करतेस?"

"किती घेतलीस?"

"काही घेतली नाही."

"मग एवढी मोठी बादली दिसली नाही?"

तो मनगट चोळत राहिला. सूनबाई बोलली. "बादली कुणी ठेवली?"

"मी ठेवली. सासू अजून जिवंत आहे, तिच्या हातून एखादी बादली ठेवली जाते."

वास कसलाच नव्हता. साबणाचा होता फक्त. तरी मी ते वरच बसलेत असं बघून खाली त्याच्या सगळ्या खणांत हात घातला. बाटली नाही. औषधाचं चिटोरंही नाही. पण एक गोष्ट बघितली. त्याचा प्रत्येक खण डोळे मिटूनसुद्धा सापडेल असा लावलेला आहे.

त्याचं मनगट सुजलंय. मी तेल चोळलं. उद्या सकाळी मी एक गोष्ट करून बघणार आहे.

आई

२० ऑक्टोबर

करून बघितली.

चहा मीच केला. तो वर बसला होता, मनगट मांडीवर घेऊन. मी कप त्याच्या डाव्या खांद्याशी नेऊन धरला. वाफ येत होती. तो लांब उभ्या असलेल्या जहाजाचं नाव मला वाचून दाखवत होता, मला तिथे जहाज आहे एवढंच कळत होतं. नाव वाचून झालं, कप तिथेच. मी तो हळूहळू पुढे आणत गेले, कानावरून, गालावरून, पार नाकासमोर. तेव्हा दचकला आणि हात पुढे केले.

"कधी आलीस?" म्हणाला.

"आत्ताच," मी म्हटलं.

मग खाली येऊन खारूला तसाच कप धरला. ती दोरीला गाठ मारत होती. वर न बघता म्हणाली, "आजी, सांडतंय," आणि कप माझ्या हातातून घेतला. दुसऱ्या बाजूने धरला, तोही घेतला. वर म्हणते, "दोन दोन चहा कशाला?" मी तिला बिस्किट दिलं आणि जरा वेळ बसले.

धक्क्यावर कपडे धुवायची सगळ्यांसाठी एक खोली आहे. मशिनं, एक लांब बाक, आणि भिंतीवर फळी, तिच्यावर लोकांचे राहिलेले एकेकटे मोजे. सूनबाई मशिनमध्ये चादरी कोंबत होती. आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "त्याला बाजूचं दिसत नाही."

तिने कोंबणं थांबवलं नाही. "कुणी सांगितलं?"

"बादलीने."

तिने दार लावलं, बटण दाबलं, मशिन घरघरायला लागलं. मग माझ्याशेजारी येऊन बसली. शेजारी नव्हे, समोर येऊन उकिडवी बसली. तिला आता तशीच सवय झालीय, कुणाशी बोलायचं तर समोर जाऊन.

"नळीतून बघितल्यासारखं दिसतं त्यांना," ती म्हणाली. "समोरचं स्वच्छ. आजूबाजूचं काही नाही. उजेड गेला की समोरचंही नाही. आणि ती नळी बारीक होत जाणार. उपाय नाही म्हणतात."

"तू त्याला या पाण्यात ओढून आणलंस असं मला वाटत होतं."

"माहीत आहे मला."

"अजून वाटतंय. खोटं असेल तर सांग."

"डेपोत दरवर्षी डोळे तपासतात, आई. त्या वर्षी त्यांची बस काढून घेतली. घरी सांगितलं कंटाळा आला. मला खरं कळलं तेव्हा बोट घेऊन झाली होती. म्हणाले, बघायचं ते बघून घेतो. मी आले नसते तर हे एकटे निघाले असते. एकटे किती लांब गेले असते?"

"बंदराच्या तोंडापर्यंत," मी म्हटलं.

तेव्हा हसली. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसताना जवळून बघितलं. डोळ्यांखाली काळं आहे. रात्री पहारा तिचाच असतो, रोज, आणि मी खाली पडून म्हणत होते की बाई हुकूम सोडतेय.

"म्हणून तो चमचा," मी म्हटलं.

"म्हणून तो चमचा."

मला वाटलं संपलं, पण तिचं संपलं नव्हतं. चादरी बाहेर काढताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येतं. खारूचे डोळे तपासून आणलेत, अजून तरी चांगले आहेत. भावंडांनीही तपासून घ्यावं म्हणाले होते."

"ताईला कळवलंत?"

"त्यांनी मला शपथ घातलीय."

"मला नाही घातली," मी म्हटलं.

तर हे मी तुला कळवते आहे. सरळ जाऊन डोळे दाखव. नवऱ्याला सांग, तो सोडायला येतोच.

आई

२३ ऑक्टोबर

तुझा भाऊ माझ्याशी बोलत नाही, आणि या वेळी खरोखर बोलत नाही. मी त्याच्या समोर उभी राहून खात्री करून घेतली.

मी त्याला भर दुपारी गाठला, वर, उन्हात, जिथून उठून जाता येत नाही. म्हटलं, "ताईला का नाही सांगितलंस?"

"ती म्हणेल, मी सांगितलं होतं."

"म्हणेल. मग?"

"मग तू म्हणशील बोट विका. तिच्याकडे जाऊन राहा. खारूला शाळेत घाला. मी खिडकीत बसेन आणि तुम्ही मला काय काय दिसतंय ते सांगत बसाल."

"मी काहीच सांगणार नाही. मला खिडकीतून बघायला वेळ नसतो."

तो थोडा नरमला. म्हणाला, "आई, मला एकदा पलीकडे जायचंय. दिसतंय तोवर. चारही बाजूंनी आकाश पाण्याला टेकलेलं बघायचंय."

"चारही बाजू तुला दिसत नाहीत."

"मान वळवीन," तो म्हणाला.

यावर मी स्वतःच मान वळवून चारही बाजू बघितल्या.

मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही, हे तुला कळलं पाहिजे, नाहीतर तू तुझ्या रागीट मनाने काहीतरी धरून बसशील. मी एवढंच म्हटलं की कप्तान सूनबाई. आणि ते खारूच्या देखत म्हणायचं, म्हणजे लेक बापाचे डोळे व्हायच्याऐवजी लेक होईल. रात्रीच्या पहाऱ्याला सूनबाईचा भाऊ यायला तयार आहे, त्याला बोलवायचं. हे दोन्ही तो कबूल झाला, कुरकुरत का होईना. सूनबाईने ऐकलं आणि नुसती "बरं" म्हणाली, जणू तिला मीठ दे म्हटलं.

तिसरं तुझं होतं. निघायच्या आधी ताईला सांगायचं आणि तिचे डोळे तपासून झाल्याचं तिच्या तोंडून ऐकायचं. तिथे तो अडला. "माझं दुखणं आहे, मी ठरवीन," म्हणाला.

"तुझं नाही. तुझ्या बाबांचं आहे. तुला वारशात मिळालंय, आणि वारसा एकट्याने खायचा नसतो, भावंडांत विचारायचा असतो."

तो उठून खाली गेला, पायऱ्या पावलांनी चाचपत. मी इतके दिवस तो ऐटीत उतरतो म्हणत होते.

मग मी जिन्याच्या डाव्या खोबणीतून नांगराचा दांडा काढला आणि माझ्या पेटीत ठेवला. बाबांच्या डबीशेजारी, शालीच्या खाली. आमचा नांगर जड, साखळी त्याहून जड, ती नुसत्या हाताने ओढून बोट निघत नाही. काल हवा फिरली. शेजारच्या बोटी शिडं वर करून गेल्या. तुझ्या भावाने खोबणीत हात घातला, हात रिकामा आला. खालच्या खोबणीत घातला. मग सगळ्या खुंट्या चाचपल्या. सूनबाईने माझ्याकडे बघितलं, मी बटाटे सोलत होते. तिने सुरी दुसरी आणून दिली, म्हणाली ही धारेची आहे.

माझ्या पेटीला हात लावायची या बोटीवर कुणाची छाती नाही.

आई

२ नोव्हेंबर

बंदराच्या कचेरीत तुमचं पत्र आलं, माझ्या दहा तारखेच्या पत्राचं उत्तर. परत तेच गोल अक्षर. खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, आलं बघा एकदाचं," आणि मी तिथेच उभ्या उभ्या फोडलं. हवापाणी, प्रकृती, ही बरी आहे. आणि खाली एक ओळ. 'ही विचारते, डबी कसली? धक्क्यावर आपण डबी पुढे केल्याचे तिला आठवत नाही.'

मी कचेरीच्या पायरीवर बसले. कारकुनाने पाणी आणून दिलं, मला चक्कर आली असं वाटलं त्याला. चक्कर नव्हती. मी बेरीज करत होते.

ती संध्याकाळ होती. मी तुझ्या शेजारी उभी होते, समोर नव्हे. तू शेजारून निघून गेलीस. मग स्कूटर गेली. मग शाळा गेली, गोंगाट सोसत नाही म्हणे, अगं तू तर गोंगाटात झोपायचीस. मग फोन. मग अक्षर. मी एकेकाचा वेगळा राग धरून बसले होते, ओळीने मांडून. आता एकच उरलाय. तू मला का सांगितलं नाहीस?

मी चुकले म्हणणार नाही. ज्याला दिसत नाही त्याने तोंड उघडायचं असतं, तुम्हा तिघांपैकी कुणीच ते उघडलं नाही. तुमचे बाबा दुकान लवकर बंद करत राहिले, हा बस सोडून पाण्यावर आला, तू नवऱ्याच्या अक्षराआड जाऊन बसलीस. एका घरात तीन माणसं लपाछपी खेळली आणि राज्य माझ्यावर.

माझा संशय खोटा निघाला तर मला आनंदच आहे. मी पुष्कळ संशय घेतले या महिन्यात, त्यातले बहुतेक खोटेच निघाले. दारूचा खोटा निघाला, सूनबाईचा खोटा निघाला, टेकडीवरच्या घराचाही. हाही निघू दे.

तुझ्या भावाला ती ओळ वाचून दाखवली. त्याने ती परत वाचायला लावली. मग म्हणाला, "मला वाटायचं ताई मला बघून न बघितल्यासारखं करते." मी म्हटलं, "तिलाही तुझ्याबद्दल तेच वाटत असेल." त्यावर त्याला हसू आलं, आणि नंतर रडू, पण रडला ते मी बघितलं नाही, मी दुसरीकडे बघत होते. आता शेजारी बसलाय. म्हणतो, लिही तिला, दांडा राहू दे पेटीत, हवा परत फिरेल.

जावईबापू, आता हे तुमच्यासाठी. तुम्ही ही सगळी पत्रं तिला मोठ्याने वाचून दाखवताय हे मला कळलंय. तुमचं अक्षर चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवली ती मागे घेत नाही, पण तुम्ही तिचं गुपित नीट सांभाळलंत ते मी लक्षात ठेवीन. आता एवढं करा. हे वाचून झालं की कागद खाली ठेवा. एक कोरा कागद घ्या, तिच्या समोर ठेवा, शेजारी नव्हे, समोर. पेन तिच्या हातात द्या आणि खोलीच्या बाहेर जा.

आणि तू. ओळ ओळीवर चढली तरी चालेल. अक्षर कागदाबाहेर गेलं तरी चालेल. शुद्धलेखन मी तपासणार नाही, मला येत नाही. तुला किती दिसतं आणि किती नाही, एवढंच लिही, आणि ते तू लिही. जावईबापूंनी फक्त पाकिटावर पत्ता घालायचा. तुझ्या हाताने लिहिलेलं येईपर्यंत ही बोट इथून हलणार नाही.